मोटोक्रॉस बघायला निघालात? आधी टीव्ही, मग ट्रॅक

कोकणातल्या माणसाची मोटोक्रॉसशी, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतीशी, पहिली ओळख बहुतेक वेळा मोबाइलवर होते. कुणीतरी ग्रुपवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाकतो: गाडी हवेत, रायडर गाडीपासून वेगळा, दोघंही धपकन खाली, आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मग कधीतरी कळतं की कोल्हापुरात, पुण्यात, गोव्यात किंवा शेजारच्याच गावच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, खरी शर्यत आहे. तेव्हा घरातून हमखास आवाज येतो, "उन्हातान्हात कित्याक जातंस? टीव्हीर दिसता मा सगळा!"

दिसतं, पण सपाट दिसतं. टीव्हीवर अख्खी शर्यत कळते. पहिला कोण, आठवा कोण, कोण कुणाच्या किती सेकंद मागे, सगळं. चढ किती उभा आहे, उडीच्या आधी रेस (अ‍ॅक्सिलरेटर) कोण सोडतो आणि कोण सोडत नाही, सकाळची माती दुपारपर्यंत कशी झाली, हे मात्र कळत नाही. ट्रॅकवर नेमकं उलटं होतं. तुमच्या वाट्याला एक वळण आणि दोन उड्या येतात, त्या अंगावर काटा येईल इतक्या जवळून दिसतात, आणि बाकीची शर्यत कुठे चालली आहे याचा पत्ता नसतो. म्हणून नवख्याने टीव्ही बरा की ट्रॅक बरा हा वाद घालू नये. टीव्हीवर खेळ शिकून घ्यावा आणि मग ट्रॅकवर जाऊन बघावा. क्रम उलटा झाला तर पहिल्या दिवशी धूळ आणि आवाज यांपलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

घरचा अभ्यास: दोन पूर्ण शर्यती

हायलाइट्स बघू नका. त्यात सगळ्या उड्या आणि सगळी पडापड असते, पण शर्यत नसते. जागतिक मोटोक्रॉसच्या दोन तरी पूर्ण शर्यती सुरुवातीपासून झेंडा पडेपर्यंत बघा. तिथे दोन मुख्य गट असतात. ४५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा एमएक्सजीपी आणि २५० सीसीचा एमएक्स-टू. रविवारी प्रत्येक गटाच्या दोन शर्यती होतात आणि प्रत्येक शर्यत ३० मिनिटं अधिक २ फेऱ्या अशी मोजतात. म्हणजे घड्याळात ३० मिनिटं भरली की पाटी दाखवतात आणि तिथून दोन फेऱ्या उरतात. फेऱ्यांचा आकडा आधी ठरलेला नसतो, हे नवख्याला माहीत नसलं की शेवट कधी आला ते समजतच नाही.

गुणांचं गणितही आधीच समजून घ्या. पहिल्याला २५, दुसऱ्याला २२, तिसऱ्याला २०, चौथ्याला १८, पाचव्याला १६, मग १५, १४ असे उतरत विसाव्याला १. दोन शर्यतींची बेरीज करून दिवसाचा विजेता ठरतो. यात एक गंमत आहे. दोन्ही शर्यतींत दुसरा आलेल्याचे ४४ होतात. एक शर्यत जिंकून दुसरीत चौथा आलेल्याचे ४३. त्यामुळे एकही शर्यत न जिंकलेला माणूस वरच्या पायरीवर उभा राहू शकतो. दुसऱ्या शर्यतीत एखादा रायडर पुढच्याला गाठायची घाई का करत नाही, याचं उत्तर अनेकदा या बेरजेत असतं.

वेळेचं म्हणाल तर युरोप उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो, त्यामुळे तिथल्या दुपारच्या शर्यती आपल्याकडे रविवारी संध्याकाळी आणि रात्री येतात. अमेरिकेतलं सुपरक्रॉस, म्हणजे स्टेडियममधलं मोटोक्रॉस, तिथे शनिवारी रात्री असतं, म्हणजे आपल्याकडे रविवारची पहाट. एमएक्सजीपी-टीव्ही आणि सुपरमोटोक्रॉस व्हिडिओ पास या दोन्ही पैसे भरून घ्यायच्या सेवा आहेत. एवढ्यात खर्च करायचा नसेल तर यूट्यूबवर शोधा, जुन्या पूर्ण शर्यतीही सापडतात. अभ्यासाला त्या पुरेशा आहेत.

आता बघायचं कसं? पहिली शर्यत समालोचनासकट बघा, शब्द कानावर पडू द्या. होलशॉट म्हणजे पहिल्या वळणातून सगळ्यांच्या आधी बाहेर पडणं. टेबलटॉप म्हणजे माथा सपाट असलेला उंचवटा. डबल आणि ट्रिपल म्हणजे ओळीने दोन किंवा तीन ढिगारे, जे एकाच उडीत पार करायचे. व्हूप्स म्हणजे एकामागोमाग एक लहान उंचवट्यांची रांग. बर्म म्हणजे वळणाच्या बाहेरच्या कडेला चाकांनी साचलेला मातीचा बांध. दुसरी शर्यत आवाज बंद करून बघा आणि पुढच्या तिघांना सोडून बाराव्या-पंधराव्या नंबरचा एखादा रायडर धरा. तो पडद्यावर फार दिसणार नाही. कॅमेरा पुढच्यांना सोडत नाही, हा टीव्हीचा मोठा दोष आहे. पहिल्या वळणात पडून शेवटून सुरुवात केलेला माणूस आठवा येतो, तेव्हा पडद्याच्या कडेला त्याचा फक्त आकडा बदलत जातो. हीच झुंज ट्रॅकवर तुमच्यासमोर फेरीफेरीला घडते.

सुरुवात मात्र टीव्हीवरच बघावी, तीही पुन्हा पुन्हा मागे नेऊन. जागतिक स्पर्धेत ४० पर्यंत गाड्या एका ओळीत उभ्या असतात. १५ सेकंदांची पाटी, मग ५ सेकंदांची, आणि त्यानंतर ५ ते १० सेकंदांत कधीही गेट पडतं. हे गेट रायडरच्या दिशेने पडतं, त्यामुळे घाई करून चाक पुढे सरकवलेला रायडर त्यातच अडकतो. वरून घेतलेल्या दृश्यात चाळीस गाड्या एका चिंचोळ्या वळणात कशा घुसतात ते जितकं नीट दिसतं, तितकं जमिनीवरून कधीच दिसत नाही. स्लो मोशनचंही तेच. चढावर गाडी आडवी करून उडी मुद्दाम बुटकी ठेवायची युक्ती, म्हणजे स्क्रब, अमेरिकेच्या जेम्स स्टुअर्टने गाजवली. प्रत्यक्षात ती डोळ्याची पापणी लवेपर्यंत होऊन जाते. हवेत गाडीला वेग वाढवता येत नाही, म्हणून जो कमी वेळ हवेत राहतो तो पुढे जातो, हे टीव्हीवर एकदा बघून ठेवलं तर ट्रॅकवर नजर आपोआप तिथे जाते.

आणि एक सावधगिरी. लांबून झूम केलेली लेन्स अंतरं दाबून टाकते आणि कॅमेरा उंचावर असला की चढ झोपतात. सुपरक्रॉसचा ट्रिपल वीस मीटरच्या घरात असतो. पडद्यावर तो ओहोळावरून मारलेल्या उडीइतका किरकोळ वाटतो. हे डोक्यात ठेवून ट्रॅकवर जा.

शर्यत कुठे शोधायची

आधी नावांचा घोळ सोडवू. मोटोक्रॉस उघड्यावर, जमिनीचे मूळ चढउतार वापरून केलेल्या मातीच्या ट्रॅकवर होतं, ट्रॅक साधारण दीड ते पावणेदोन किलोमीटरचा. सुपरक्रॉस म्हणजे तेच, पण स्टेडियममध्ये ट्रकांनी माती आणून, लहान जागेत, जास्त उड्या घालून. या प्रकाराची सुरुवात १९७२ च्या लॉस एंजेलिसमधल्या शर्यतीपासून धरतात. आपल्या देशातल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या नावात सुपरक्रॉस असतं. डर्ट ट्रॅक म्हणजे मातीवरची शर्यत, तिथे उड्या असतीलच असं नाही. आणि एका चाकावर गाडी चालवून दाखवतात तो स्टंट शो, त्याचा शर्यतीशी काही संबंध नाही. गावच्या बॅनरवर हे चारही शब्द एकमेकांच्या जागी बिनधास्त छापलेले असतात, म्हणून आयोजकाला फोन करून विचारा: उड्या आहेत का, किती गट आहेत, सराव किती वाजता.

देशातल्या मोटरस्पोर्टची मान्यताप्राप्त संघटना एफएमएससीआय (फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया) आहे. तिच्या संकेतस्थळावर वर्षाचं वेळापत्रक असतं, सुरुवात तिथून करा. कोकणातून जायला सोयीच्या जागा म्हणजे घाटावर पुणे, कोल्हापूर, नाशिक आणि खाली गोवा. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीवहिली फेरी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. तिथे परदेशी रायडर ४५० आणि २५० सीसीवर आणि लहान मुलं ८५ सीसीवर एकाच दिवशी बघायला मिळाली. गोव्यात वागातोरला नोव्हेंबरमध्ये रॉयल एनफिल्डचा मेळा भरतो. पूर्वी त्याला रायडर मेनिया म्हणत, आता मोटोव्हर्स म्हणतात. त्यातली डर्ट ट्रॅकची शर्यत काही खरं मोटोक्रॉस नव्हे, पण मातीत गाडी कशी घसरते आणि सावरते ते बघायला चांगली आहे.

गावपातळीच्या शर्यती भातकापणीनंतर सुरू होतात आणि पाऊस येईपर्यंत अधूनमधून चालतात. त्यांची बातमी वेळापत्रकात नसते. ती तुमच्या तालुक्यातल्या त्या एका मेकॅनिककडे असते, ज्याच्या गॅरेजबाहेर दिवा आणि इंडिकेटर काढलेली गाडी कायम उभी असते.

पण तिथे पोचल्यावर तिकीट काढायच्या आधी चार गोष्टी बघा. रुग्णवाहिका आत उभी आहे का, तीही निघता येईल अशा जागी? प्रत्येक मोठ्या उडीजवळ झेंडेवाला आहे का? प्रेक्षक आणि ट्रॅक यांच्यात मोकळी जागा सोडून कठडा आहे की नुसती दोरी? रायडरांच्या पायात गुडघ्याखालपर्यंतचे बूट, छातीवर चिलखत, डोळ्यांवर गॉगल आहे का? जीन्स आणि चपलेत कुणी सुरुवातीच्या रेषेवर उभा दिसला, तर तिथे थांबू नका. वडापाव खाऊन परत फिरा.

सोबत काय न्यायचं

कानात घालायचे फोमचे बोळे सगळ्यात आधी. औषधांच्या दुकानात मिळतात, किमतीला किरकोळ. वीस-पंचवीस गाड्या एकदम रेस धरतात तेव्हा होणारा आवाज ८५ डेसिबलच्या खूप वर जातो, आणि एवढ्या आवाजात तासन्‌तास राहिलं की कानाचं नुकसान होतं. लहान मुलांना कानावर बसणारे मफच घाला, बोळे ती काढून टाकतात.

पांढरा शर्ट घालू नका. जांभ्याची तांबडी धूळ कपड्यात शिरली की ती धुण्याने जात नाही, फक्त सगळीकडे सारखी पसरते. बंद बूट, टोपी, साधा गॉगल, नाकातोंडावर बांधायला रुमाल. छत्री उघडून कठड्यापाशी उभं राहिलात तर मागचे शिव्या देतील आणि त्या योग्यच असतील. पाणी घरून न्या. कोकमाचं आगळ मीठ घालून बाटलीत नेलंत तर दुपारी त्याची किंमत कळेल. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि पोटात काही न घालता उन्हात उभं राहिल्याने चक्कर येणारे प्रेक्षक प्रत्येक शर्यतीत दिसतात. थोडी रोख रक्कम ठेवा, सड्यावर रेंज गेली की मोबाइलने पैसे देणं थांबतं.

गाडी लावताना एक काळजी घ्या, आणि ही खास कोकणासाठी आहे. डिसेंबरपासून सड्यावरचं गवत वाळून काडी झालेलं असतं. तापलेला सायलेन्सर त्यात टेकला तर वणवा पेटायला वेळ लागत नाही. गाडी उघड्या कातळावर किंवा मातीवर लावा, गवतात नाही, मग भले पाचशे पावलं जास्त चालावी लागोत.

सकाळी लवकर या

बरेचजण "फायनल दुपारी आहे" म्हणून जेवून येतात. माझ्या मते त्यांचा अर्धा दिवस फुकट जातो. सकाळच्या सरावात रायडर ट्रॅक शिकत असतात. कुणी डबल आधी दोन वेगवेगळ्या उड्यांत घेतो आणि चौथ्या-पाचव्या फेरीला एकदम मारतो. कुणी त्याच वळणात एकदा आतून, एकदा बाहेरून जाऊन बघतो. शर्यतीत जे एका क्षणात घडतं, ते सरावात सुटं सुटं करून दाखवलेलं असतं. शिवाय गर्दी नसते, म्हणून कठड्याच्या बाहेरून ट्रॅकची पूर्ण फेरी चालत मारता येते. ती माराच. चढउतार पायाला कळल्याशिवाय ट्रॅक डोक्यात बसत नाही.

तेव्हाच माती बघून ठेवा. सकाळी रात्रीचा ओलावा असतो, चाक धरतं. पहिले दोन गट गेले की वळणांत चाकोऱ्या पडायला लागतात, आणि एकदा चाकोरी खोल गेली की रायडरला तीच पकडावी लागते. चाक तिच्या काठावर चढलं की गाडी फेकली जाते. मग धूळ बसवायला टँकर पाणी मारतो. जांभ्याची माती वरून ओली आणि खालून टणक असली की साबणासारखी होते, त्यामुळे टँकरनंतरच्या पहिल्या दोन फेऱ्यांत पुढच्या चाकावर लक्ष ठेवा. टीव्हीवर हा सगळा बदल जवळजवळ दिसत नाही. समालोचक "ट्रॅक आता खडबडीत झालाय" म्हणतो आणि पुढे जातो.

उभं कुठे राहायचं

याच एका निर्णयावर तुमचा दिवस ठरतो, म्हणून इथे जरा थांबू.

वाऱ्यापासून सुरुवात करा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेत, ते इथे कामाला येतात. पाऊस नसलेल्या महिन्यांत किनाऱ्याजवळ सकाळी वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो, तोही मंद. दुपारी तो समुद्राकडून, पश्चिमेकडून जोरात सुटतो. धूळ वाऱ्याबरोबर जाते. म्हणून सकाळी ट्रॅकच्या पूर्वेला आणि दुपारनंतर पश्चिमेला उभं राहा. योगायोग असा की सूर्यही त्या त्या वेळी तुमच्या पाठीशी येतो, त्यामुळे डोळ्यांवर ऊन नाही आणि रायडर उजेडात. स्थानिक लोक पंचा डोक्याला गुंडाळून नेमके त्याच बाजूला जमलेले दिसतील. सावलीचं झाड मात्र बहुधा विरुद्ध बाजूला असतं. सावली हवी की शर्यत, हे ज्याचं त्याने ठरवावं.

कुठे उभं राहायचं नाही, ते आता. वळणाच्या बाहेरच्या बाजूला नाही, कारण ताबा सुटलेली गाडी सरळ बाहेर येते. उडीच्या सरळ रेषेत, जिथे गाडी उतरते त्याच्या पुढे नाही. वळण संपून सरळ रस्ता सुरू होतो तिथे कठड्याला चिकटून नाही, कारण रेस दिली की मागचं चाक माती आणि जांभ्याची खडी मागे फेकतं, आणि ती तोंडावर बसली की दिवसभर लक्षात राहते. पहिल्या वळणाच्या बाहेर तर अजिबात नाही.

चांगली जागा म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला, थोड्या उंचावर, जिथून आधीची उडी आणि नंतरचा सरळ भाग दोन्ही दिसतील. रायडर एकमेकांना ओलांडतात ते बहुधा वळणात शिरताना, ब्रेक उशिरा लावून. उडी दिसायला भारी, पण हवेत कुणी कुणाला फारसं मागे टाकत नाही. फोटो काढायचे असतील तर उडीजवळ जा, शर्यत बघायची असेल तर वळणाजवळ. एकाच जागी चिकटूनही बसू नका. सराव एका ठिकाणाहून, पहिली शर्यत दुसऱ्या, दुसरी तिसऱ्या.

आता आपल्या भागातली एक सवय, जी इथे जिवावर बेतू शकते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून रायगडच्या किनाऱ्यांवर बैलगाडा शर्यती पुन्हा रंगतात. तिथे गाडी पुढून गेली की लोक मागून धावत मैदानात उतरतात. मोटोक्रॉसमध्ये पहिला रायडर गेला म्हणजे ट्रॅक मोकळा झाला असं नसतं. त्याच्या मागून वीस जण येत असतात, आणि उडीपलीकडून येणाऱ्याला उतरायच्या जागी कोण उभं आहे ते दिसतच नाही. झेंडेवाला "ओ दादांनू, वायच मागे सरा!" असं ओरडतो तेव्हा तो मस्ती करत नसतो. पोराचा हात सोडू नका, आणि पडलेल्या रायडरला उचलायला स्वतःहून आत धावू नका. ते काम मार्शलचं.

झेंडेही ओळखा, म्हणजे धोका तुम्हालाही आधी कळेल. हलता पिवळा म्हणजे पुढे कुणी पडलंय, वेग कमी, ओलांडायचं नाही. पांढऱ्यावर लाल फुली म्हणजे ट्रॅकवर डॉक्टर आहेत, उड्या मारायच्या नाहीत. निळा म्हणजे मागून एक फेरी पुढे असलेला येतोय, वाट द्या. लाल म्हणजे शर्यत थांबली.

नंबर आणि घड्याळ

ट्रॅकवर पडद्याच्या कडेची यादी नसते. काही फेऱ्यांनी पुढचे मागच्यांना गाठायला लागतात आणि पहिला कोण, शेवटचा कोण याचा गोंधळ उडतो. यावर सोपा उपाय आहे. सरावात आवडलेले तीन नंबर निवडा आणि पेनाने तळहातावर लिहा. सगळ्यांना धरायला जाऊ नका, तिघांचीच शर्यत बघा.

मग मोबाइलचं स्टॉपवॉच काढा. समोरचा एक खांब ठरवा. पहिला नंबर त्याच्यापाशी आला की सुरू, दुसरा आला की थांबवा. फरक समजा साडेचार सेकंदांचा आला. पुढच्या फेरीला पुन्हा मोजा. चार झाला, मग साडेतीन. म्हणजे फेरीला अर्धा सेकंद तुटतोय, सात फेऱ्यांत तो गाठणार. मग आकडा बघायचा तो शिल्लक वेळेचा. टीव्हीवर हे गणित तयार मिळतं, म्हणून तिथे त्याची किंमत वाटत नाही. स्वतः मोजलेला अर्धा सेकंद तुटताना बघायला वेगळीच मजा येते. मेकॅनिकही ट्रॅकच्या कडेला उभे राहून पाटीवर हेच आकडे आपल्या रायडरला दाखवतात, ती पाटी वाचा. शर्यत संपल्यावर निकालाचा कागद पॅडॉकजवळच्या, म्हणजे रायडर आणि गाड्या थांबतात त्या जागेजवळच्या, फलकावर लागतो, त्यावर तुमचं गणित पडताळून बघता येतं.

एवढं झालं की अधूनमधून डोळे मिटून नुसतं ऐका, अर्थात कानात बोळे ठेवूनच. टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकमधला फरक आपल्या पिढ्यांना आरएक्स १०० ने शिकवलाय, तो सांगायला नको. इथे ऐकायचं ते दुसरंच. उडीच्या चढावर आवाज किंचित खाली बसला की समजा रायडरने रेस सोडली. जो शेवटपर्यंत आवाज न तोडता जातो, त्याला ती उडी पाठ झाली आहे. शर्यत उतरणीला लागली की काही जणांचा आवाज पूर्वी तुटत नव्हता तिथे तुटायला लागतो. शंभर किलोच्या वरची गाडी अर्धा तास उभ्याने चालवून हात भरून येतात, बोटं ब्रेकवर वळत नाहीत. बसून चालवणं वाढतं, वळणात पाय जास्त वेळ खाली राहतो. शेवटची दहा मिनिटं ही लक्षणं शोधण्यात घालवा. टीव्हीवर समालोचन आणि संगीत यांत हे सगळं बुडून जातं.

पॅडॉकमध्ये

आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धांत पॅडॉकमध्ये प्रेक्षकांना सोडतात, परदेशात यासाठी अनेकदा वेगळे पैसे मोजावे लागतात. जेवणाच्या सुट्टीत जा. शर्यतीला निघालेल्या किंवा नुकत्याच पडून आलेल्या रायडरशी बोलायला जाऊ नका. मेकॅनिक हात पुसत चहा घेत असेल तेव्हा विचारा: "दादा, सस्पेन्शन आज मऊ ठेवलंय की कडक?" एवढ्या एका प्रश्नावर तो तुम्हाला अर्धा तास सांगेल. टायरचे गोटे जवळून बघा, सकाळचे धारदार आणि दुपारचे झिजलेले. गाडीला दिवा नाही, आरसा नाही, नंबरप्लेट नाही, कारण ती रस्त्यावर आणायचीच नसते. भारतीय बनावटीच्या गाड्यांचा गटही असतो, आणि तो चुकवू नका. शोरूममधल्या गाडीला किती वाकवता येतं ते तिथे दिसतं. केरळातल्या शोरणूरचा हरित नोआ पाच वेळा राष्ट्रीय सुपरक्रॉस विजेता झाला आणि २०२४ मध्ये वाळवंटातल्या डकार रॅलीत रॅली-टू गटात पहिला आला. त्याचीही सुरुवात अशाच मातीतली.

परतताना आणि नंतर

शेवटचा झेंडा पडल्यावर सगळे एकदम निघतात आणि अरुंद रस्त्यावर तासभर अडकतात. बक्षीस समारंभ बघून, भजी खाऊन निघा. घाटावरून उतरायचं असेल तर रस्ता आधी ठरवा: रत्नागिरीकरांना आंबा, चिपळूणकरांना कुंभार्ली, सिंधुदुर्गात फोंडा किंवा आंबोली, माणगावकडच्यांना ताम्हिणी. थंडीत घाटात रात्री धुकं उतरतं. दिवसभर उन्हात उभं राहिलेल्या माणसाने तिथे गाडी चालवण्यापेक्षा मुक्काम केलेला बरा. आणि दिवसभर जे बघितलं ते घाटातल्या वळणांवर करून बघायची खुमखुमी येते, विशेषतः विशीतल्यांना. चावी त्या रात्री दुसऱ्याकडे द्या.

आठवड्याभरात स्पर्धेचं चित्रण कुणी ना कुणी यूट्यूबवर टाकतं. ते शोधा आणि तुम्ही ज्या वळणाजवळ उभे होता तिथे व्हिडिओ थांबवा. तळहातावर लिहिलेले तीन नंबर बाकीच्या ट्रॅकवर काय करत होते ते बघा. तुमच्यासमोर अर्धा सेकंद तुटत होता तो नेमका कुठे तुटत होता, व्हूप्समध्ये की टेकडीच्या उतारावर, ते आता सापडेल. पुढच्या खेपेला उभं राहायची जागा तीच.